वायफाय नाही, तरी टॅबवरून प्रिंट निघते!



मागे एका गटाची कर्जाची फाइल बँकेत द्यायची होती. ठराव टॅबवर टाइप केलेला, सगळ्या सभासदांचे आधार आणि पासबुकचे फोटोही टॅबमध्येच. ग्रामसंघाच्या कार्यालयात प्रिंटर होता. पण "इथं वायफाय नाही, मग प्रिंट कशी निघणार?" म्हणून तो झाकूनच ठेवलेला. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. शेवटी मीच सगळे कागद तालुक्यातल्या एका दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवले. अध्यक्षा ताई आणि सचिव ताई मजुरी बुडवून एसटीने गेल्या, प्रिंट घेऊन आल्या. आल्यावर सचिव ताई म्हणाल्या, "मॅडम, आमचे दहा जणींचे आधार त्या माणसाच्या मोबाईलातच राहिले की!"

ते मनाला लागलं. मग बसून शिकून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगते.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे

आपला गोंधळ इथंच होतो. शेजारच्या खोलीतल्या जावेला हाक मारायला मोबाईलची रेंज लागते का? नाही ना? तसंच टॅब आणि प्रिंटर एकाच खोलीत असतील तर त्यांना बोलायला इंटरनेट लागत नाही. दोघांना फक्त एकमेकांशी जोडून द्यावं लागतं.

आधी एकदाच करायची तयारी

प्रिंटर ज्या कंपनीचा आहे, त्या कंपनीचं ॲप प्ले स्टोअरवरून टॅबमध्ये घ्या. एवढ्यापुरतं इंटरनेट लागेल. टॅबला सिम नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट द्या. ज्याची प्रिंट काढायची ती फाइल व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर असेल तर तीही आधीच डाउनलोड करून ठेवा.

पद्धत १ : प्रिंटरचंच वायफाय

वायफायच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये 'वायफाय डायरेक्ट' ही सोय असते. म्हणजे प्रिंटर स्वतःच छोटं वायफाय सोडतो.

१. प्रिंटरवर वायफाय डायरेक्ट चालू करा.
२. टॅबच्या सेटिंगमध्ये वायफाय उघडा. यादीत 'डायरेक्ट' या इंग्रजी शब्दाने सुरू होणारं नाव दिसतं, ते निवडा.
३. पासवर्ड विचारला तर तो प्रिंटरच्या स्क्रीनवर किंवा प्रिंटरने काढलेल्या माहितीच्या पानावर असतो. तो वहीत लिहून ठेवा.
४. 'इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का?' असं टॅब विचारेल. घाबरू नका, 'हो' म्हणा.
५. फाइल उघडा, कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा, 'प्रिंट' निवडा आणि प्रिंटरचं नाव निवडा.

पद्धत २ : मोबाईलचा हॉटस्पॉट

एका ताईच्या मोबाईलवर हॉटस्पॉट चालू करा. टॅब आणि प्रिंटर दोन्ही त्याच हॉटस्पॉटला जोडा. एक जरी दुसरीकडे जोडलेला असेल तर प्रिंटर सापडत नाही. हॉटस्पॉट जोडूनही प्रिंटरला दिसत नसेल तर मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झ निवडा. बरेच प्रिंटर तेवढंच ओळखतात.

पद्धत ३ : वायर

प्रिंटरला वायफायच नसेल तर ओटीजी जोडणी घ्या. तिचं एक टोक टॅबमध्ये जातं, दुसऱ्या टोकाला प्रिंटरची वायर बसते. मात्र प्रत्येक जुना प्रिंटर असा चालतोच असं नाही. म्हणून ओटीजी विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून लावून बघा.

दुकानात जावंच लागलं तर

फाइल पेन ड्राइव्हवर न्या. काम झाल्यावर दुकानाच्या कॉम्प्युटरवर कॉपी केलेली फाइल समोर उभं राहून डिलीट करायला लावा. व्हॉट्सॲपवर पाठवू नका. जिथं चालेल तिथं मास्क केलेलं आधार द्या. त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. बँकेत चालेल का, ते आधी विचारून घ्या.

हे विसरू नका

- आधी एकच प्रत काढा. बरोबर आली की मग बाकीच्या. शाई महाग आहे.
- काम झालं की टॅब प्रिंटरच्या वायफायवरून काढा. नाहीतर गटाच्या नोंदी अपलोड होणार नाहीत आणि आपण रेंजला दोष देत बसू.
- टॅबला स्क्रीन लॉक ठेवा. त्यात साऱ्या गटाचे कागद आहेत.

त्याच सचिव ताईंनी परवा गटाचा नवा ठराव कार्यालयातच छापला. पहिला कागद कोरा आला, कारण पाठकोरा कागद उलटा घातला होता! आम्ही खूप हसलो. दुसरा मात्र अगदी स्वच्छ आला. त्या दिवशी कुणाची मजुरी बुडाली नाही आणि कुणाचं आधार गावाबाहेर गेलं नाही.

ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीला टॅब चार्ज करून आणा. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने एक प्रिंट काढायची. मी फक्त बाजूला उभी राहणार!

तुमची,
क्षेत्र समन्वयक