समेची वाट पाहणारा मेंदू

डिसेंबर उजाडला की पुण्यात मुकुंदनगरच्या मैदानाबाहेर रांग लागते. कोणाच्या काखेत उशी, कोणाच्या खांद्यावर शाल, कोणाच्या पिशवीत चहाचा थर्मास. वर्षभर गुडघ्यांची तक्रार करणारे आजोबाही ‘भारतीय बैठकी’चे तिकीट काढून पाच-सहा तास मांडी घालून बसायला तयार असतात. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. त्याची वारी न चुकवणाऱ्या रसिकांच्या अनेक घरांत आता तिसरी पिढी आहे.

आज कोणत्याही कलाकाराचा कोणताही राग मोबाइलवर एका बोटाच्या अंतरावर मिळतो. मग थंडीत, गर्दीत, पैसे मोजून मैफिलीला जायचे कशासाठी? ‘प्रत्यक्ष ऐकण्याची गोष्टच वेगळी’ असे रसिक म्हणतात. गेल्या पंधरा वर्षांत मेंदूशास्त्रज्ञांनी हे वेगळेपण मोजण्याचा प्रयत्न केला आहे आणि रसिकांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरते आहे.

आनंद आधी, सम नंतर

संगीत ऐकताना अंगावर काटा येण्याचा अनुभव अनेकांना असतो. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच श्रोत्यांना निवडले आणि त्यांच्या आवडीचे संगीत ऐकवून मेंदूची चित्रे घेतली. प्रयोगातील माणसे मोजकी होती, पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष महत्त्वाचे ठरले. काटा येण्याच्या क्षणी मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवतेच. चविष्ट जेवण किंवा बक्षीस मिळाल्यावर जी यंत्रणा जागी होते, तीच ही यंत्रणा. पण त्या क्षणाच्या काही सेकंद आधी, म्हणजे श्रोता ‘आता येणार’ म्हणून वाट पाहत असतानाही, मेंदूच्या दुसऱ्या एका भागात डोपामिन स्रवताना दिसले.

ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालते. गायक आलाप करत दूर जातो, आता परत कसा येणार असे वाटत असतानाच मुखडा पकडतो आणि नेमका समेवर येतो. त्याच क्षणी शेकडो माना एकदम हलतात, ‘वाहवा’ उमटते. मॉन्ट्रियलचा प्रयोग आपल्या मैफिलीत झालेला नाही, पण वाट पाहण्यातला आनंद आणि मिळण्यातला आनंद असे त्याने दाखवलेले दोन टप्पे समेच्या अनुभवाशी जुळतात. जाणकार श्रोत्याला अधिक मजा का येते, याचेही उत्तर यात सापडू शकते. ज्याला तालाचा हिशेब ठाऊक आहे, त्यालाच समेची वाट पाहता येते.

समोर बसलेला कलाकार

पण हे तर ध्वनिमुद्रण ऐकतानाही घडेल. प्रत्यक्ष मैफिलीत वेगळे काय?

स्वित्झर्लंडमधील झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी एक नामी युक्ती केली. श्रोता स्कॅनरमध्ये होता आणि त्याच्यासाठी पियानोवादक त्या वेळी प्रत्यक्ष वाजवत होता. श्रोत्याच्या मेंदूतील भावनांशी निगडित अमिग्डाला या भागाची हालचाल वादकाला समोर दिसत होती आणि त्यानुसार तो वादन बदलत होता. त्याच रचनांचे ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हाच्या तुलनेत प्रत्यक्ष वादनाच्या वेळी अमिग्डालाची हालचाल अधिक आणि अधिक सातत्यपूर्ण होती. हे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे हे काम स्कॅनरविना चालते. त्याला ‘दाद’ म्हणतात. पहिल्या रांगेतल्या श्रोत्याची मान हलली, की गायक तीच जागा पुन्हा वेगळ्या वळणाने घेतो. ध्वनिमुद्रण मात्र ऐकणारा रडतो आहे की झोपला आहे, याची दखल घेऊ शकत नाही.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून बांधलेले एक छोटे सभागृह आहे. तिथे एका रॉक गायकाच्या श्रोत्यांच्या डोक्यांची हालचाल मोजली गेली. गायक स्वतः गात असताना श्रोते अधिक जोमाने डोलले. त्याचाच अल्बम लावला तेव्हा कमी. त्यातही त्याचे चाहते इतरांपेक्षा जास्त डोलत होते.

शेजारच्याशी जुळणारी लय

अनोळखी माणसे मैफिलीत एकमेकांची होऊन जातात, त्यामागेही काही शारीरिक आधार दिसतो. बर्लिनमध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मैफिलींत १३२ श्रोत्यांच्या अंगावर संवेदक लावून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीत सुरू असताना श्रोत्यांच्या हृदयाची गती, श्वसनाची गती आणि त्वचेतील विद्युतवहन यांतील चढउतार काही प्रमाणात एकमेकांशी जुळत होते.

ताणाचेही मोजमाप झाले आहे. लंडनच्या संशोधकांनी समूहगायनाच्या मैफिलींना आलेल्या ११७ श्रोत्यांची लाळ तपासली. मैफिलीदरम्यान कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले.

आयुष्य वाढते का?

इंग्लंडमधील पन्नाशीपुढील ६,७१० जणांची १४ वर्षे नोंद ठेवणारा अभ्यास २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. दर काही महिन्यांनी किंवा अधिक वेळा मैफिली, नाटके, संग्रहालये अशा ठिकाणी जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी होता. वर्षातून एक-दोनदाच जाणाऱ्यांमध्ये तो १४ टक्के कमी होता.

या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. ज्यांची तब्येत आणि आर्थिक स्थिती बरी, तेच मैफिलीला जाऊ शकतात. संशोधकांनी हे घटक हिशेबात धरूनही फरक उरला. तरीही असा अभ्यास कारण सिद्ध करत नाही. मैफल हे रक्तदाबाचे किंवा नैराश्याचे औषध नव्हे. चालू गोळ्या बंद करण्याचा सल्ला त्यातून कोणीही काढू नये. मात्र निवृत्तीनंतर घराबाहेर पडण्याचे निमित्त, ठरावीक मंडळींची भेट आणि पुढच्या तारखेची उत्सुकता या गोष्टी एकटेपणावर उपयोगी पडतात, यात शंका नाही.

कान सांभाळा

या आनंदाची एक किंमत मात्र आहे आणि ती कानाला मोजावी लागते. आवाजाची कंपने मेंदूला कळणाऱ्या संदेशांत बदलणाऱ्या अंतर्कर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित. ९० डेसिबलला ही मर्यादा चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटांवर. रॉक किंवा डीजेचा कार्यक्रम आणि ढोल-ताशांचे पथक ही पातळी सहज गाठू शकतात.

उपाय साधा आहे. ॲमस्टरडॅममधील एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ जणांवर प्रयोग झाला. सरासरी १०० डेसिबलच्या आवाजात साडेचार तास घालवल्यावर, इअरप्लग न वापरणाऱ्यांच्या ४२ टक्के कानांची ऐकण्याची क्षमता तात्पुरती घटली होती. इअरप्लग वापरणाऱ्यांत हे प्रमाण फक्त ८ टक्के होते.

रसिकांनी काही गोष्टी पाळाव्यात:

- ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर बसू नये. आवाज मोठा असेल तर इअरप्लग वापरावेत. लहान मुलांसाठी कानांवर बसणारी संरक्षक साधने मिळतात.
- मध्यंतरात बाहेर येऊन कानांना शांतता द्यावी.
- कार्यक्रमानंतर कानात गुणगुण किंवा दडे जाणवले आणि ते दुसऱ्या दिवशीही राहिले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अचानक ऐकू येणे कमी झाले तर एक दिवसही थांबू नये.
- तासाभराने उठून थोडे चालावे. गुडघेदुखी असेल तर खुर्चीचे तिकीट काढण्यात कमीपणा नाही.
- मधुमेहींनी औषध आणि जेवणाची वेळ चुकवू नये.

घरातील ज्येष्ठांना एकट्याने जाणे आता जमत नसेल, तर त्यांना नवीन ‘प्लेलिस्ट’ करून देण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्याबरोबर मैफिलीला जाऊन बघावे. सम कुठे आली हे तेच मान हलवून सांगतील.