भांड्यावरचं नाव आणि खेळातली पेटी

आपल्याकडे लग्नाला किंवा वास्तुशांतीला आहेर म्हणून भांडं घेतलं की दुकानदार हमखास विचारतो, “नाव काय घालायचं?” चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. कोपऱ्यात बसलेला कारागीर मशीन हातात घेतो आणि दोन मिनिटांत ताटाच्या काठावर अक्षरं उमटतात. बेळगाव असो, निपाणी असो की आपलं सांबरा, नाव घातलेलं एकही भांडं नाही असं स्वयंपाकघर शोधूनही सापडायचं नाही.

आता घरातल्या मुलांकडे पाहा. एक भाऊ पुण्याला, एक बंगळूरला, एक इथं गावात, आणि रात्री तिघं मिळून ऑनलाइन खेळ खेळतात. खेळात प्रत्येकाचं एक पात्र असतं: कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी लोहार. तलवारी, चिलखतं, औषधी पाला, कापडाचे गठ्ठे असं बरंच काही मिळवून ते एका सामाईक पेटीत ठेवतात. चार दिवसांनी फोनवर ऐकू येतं, “ती तलवार माझी होती, तू का घेतलीस?” आजीला हे भांडण अजिबात परकं वाटत नाही. यात्रा झाल्यावर परातीवरून असंच होतं!

सामाईक जागेत ठेवलेली वस्तू कुणाची, हे कसं ओळखायचं? प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. आपल्या वाडवडिलांनी त्याला दिलेली उत्तरं आणि खेळ तयार करणाऱ्यांनी दिलेली उत्तरं शेजारी ठेवून पाहिली की दोन्ही नीट समजतात.

नाव कुठं आणि कसं घालतात

तांबं आणि पितळ मऊ. त्यावर पूर्वी बारीक छिन्नी आणि हातोडीनं टिंबाटिंबांनी अक्षरं काढत. जुन्या घागरीवर बोट फिरवलं तर ती टिंबं हाताला लागतात. स्टेनलेस स्टील कठीण असल्यामुळे त्यावर वेगानं थरथरणारी सुई असलेलं विजेचं मशीन वापरतात. ॲल्युमिनियमवर नाव पटकन उठतं, पण घासून घासून लवकर पुसट होतं.

नाव बहुधा काठाजवळ, बाहेरच्या अंगाला घालतात, आणि त्याला कारण आहे. बुडाला जाळ लागतो, काजळी बसते. आतल्या बाजूला कोरलं तर खाचेत अन्न अडकतं, शिवाय तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई केली की अक्षरं तिच्याखाली जातात. काठाजवळचं नाव मात्र भांडं पालथं घातलेलं असो की मांडणीवर उभं, लगेच दिसतं. चिंच आणि राखेनं पन्नास वर्षं घासलेल्या तांब्यावर अक्षरं झिजलेली असतात, तरी प्रकाशात तिरकं धरलं की बहुतेक वेळा वाचता येतात.

एका ओळीत किती माहिती

“चि. सौ. कां. शांता हिस मामा-मामींकडून सप्रेम भेट” आणि पुढे तारीख. एवढ्या एका ओळीत चार गोष्टी आल्या: वस्तू कुणाची, दिली कुणी, नातं काय आणि केव्हा. गावाचं नाव असेल तर पाचवी. आपल्या भागात मुली चंदगड, खानापूर, निपाणी, कोल्हापूर अशा चारी दिशांना दिल्या-घेतल्या जातात, आणि त्यांच्याबरोबर भांडीही जातात. म्हणून एकाच घरातल्या मांडणीवर चार गावांची नावं दिसतात. कुठं मराठी अक्षरं, कुठं कन्नड. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं. घागरीवर एकदा कोरलेला पत्ता मात्र आहे तसाच राहतो.

नाव कुणी वाचायचं आहे, यावर खुणेचं रूप ठरतं. मुंबईचे डबेवाले १८९० पासून डबे पोचवत आहेत. त्यांच्या डब्यावर मालकाचं नाव नसतं, रंग, आकडे आणि अक्षरं यांची खूण असते. डबा कुठून आला, कुठल्या स्टेशनावर उतरायचा, कुठल्या इमारतीत जायचा, एवढंच ती सांगते. हात बदलत जाणाऱ्या डब्याला वाट सांगणारी खूण लागते. पिढ्यान् पिढ्या घरात राहणाऱ्या घागरीला माणूस सांगणारी खूण लागते.

खेळातली सामाईक पेटी

आता खेळाकडे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा या प्रकारातला जगभर गाजलेला खेळ २००४ च्या नोव्हेंबरात आला. त्यात खेळाडू एकत्र येऊन ‘गिल्ड’ करतात, म्हणजे आपल्या भाषेत मंडळच. पहिली तीन वर्षं गिल्डला स्वतःची कोठी नव्हती. मग काय करायचे? एका विश्वासू गड्याला एक जादा पात्र तयार करायला सांगायचं आणि सगळ्यांचं सामान त्याच्याकडे ठेवायचं. गावात जशी मंडळाची भांडी एखाद्या भल्या माणसाच्या माळ्यावर असतात, तसंच. माणूस चांगला असेल तोवर काहीच अडचण नाही. पण त्यानं खेळ सोडला, किंवा रुसून बसला, तर सगळ्यांचं सामान त्याच्यापाशी अडकलं.

२००७ च्या नोव्हेंबरात त्या खेळात गिल्डची अधिकृत कोठी आली. तिचे कप्पे असतात. कुठला कप्पा कुणी उघडायचा, दिवसाला किती वस्तू काढायच्या, हे हुद्द्याप्रमाणे ठरवता येतं. कुणी काय ठेवलं आणि काय काढलं याची नोंदही दिसते. पण कोठीत ठेवलेल्या वस्तूवर ठेवणाऱ्याचं नाव येत नाही. वस्तू आत गेली की ती मंडळाची झाली.

वस्तूवरच खूण असण्याचे दोन प्रकार त्या खेळात आहेत. एखाद्यानं स्वतः घडवलेल्या तलवारीवर किंवा चिलखतावर घडवणाऱ्याचं नाव उमटतं. म्हणजे आपल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं तसं. मालक मात्र वेगळा असू शकतो. दुसरा प्रकार पक्क्या मालकीचा: काही वस्तू एकदा अंगावर चढवल्या किंवा हाती आल्या की त्या पात्राशी कायमच्या बांधल्या जातात. मग त्या दुसऱ्याला देता येत नाहीत, विकता येत नाहीत, गिल्डच्या कोठीतही ठेवता येत नाहीत.

लहान मुलांचा आवडता ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ थोडा वेगळा, पण त्यातही हाच प्रश्न येतो. मुलं पेटीला लाकडी पाटी लावून त्यावर नाव लिहितात. त्या पाटीला कुलूप नसतं, दुसऱ्यानं पेटी उघडली तर पाटी त्याला अडवत नाही. ऐरणीवर नेऊन एखाद्या वस्तूला स्वतःचं नाव देता येतं, आणि मग गंमत होते: नाव दिलेली वस्तू बिननावाच्या वस्तूंच्या गठ्ठ्यात मिसळत नाही, वेगळीच राहते. आणखी एक खास पेटी आहे, ‘एंडर’ पेटी. ती कुणीही उघडली तरी प्रत्येकाला फक्त स्वतःचं सामान दिसतं. असा माळा मिळाला तर कुठल्या जावेला नको आहे?

ढिगाला नाव घालता येत नाही

इथं एक साधा नियम हाती लागतो. सगळ्याच वस्तूंना नाव घालून भागत नाही. वस्तू तीन जातीच्या असतात.

पहिली, एकटी ओळखता येणारी वस्तू: डेग, समई, घंगाळ. तिच्यावर नाव घातलं की काम झालं.

दुसरी, एकसारख्या पुष्कळ वस्तू: ताटं, वाट्या, पेले. प्रत्येकीवर खूण हवीच, पण नुसत्या खुणेनं पुरत नाही, मोजदादही हवी. शंभर ताटांवर नाव आहे, पण मुळात शंभर होती हेच कुठं लिहिलेलं नसेल, तर हरवलेली पाच ताटं कुणाच्या लक्षात येणार?

तिसरी, एकमेकांत मिसळणारी वस्तू: तांदूळ, गूळ, तेल, पैसे. महाप्रसादाला दहा घरांतून आलेला तांदूळ एका पोत्यात ओतला की कुठला दाणा कुणाचा हे सांगता येत नाही, सांगायची गरजही नसते. तिथं वही लागते: कुणी किती दिलं. खेळातला औषधी पाला आणि नाणी याच जातीची. मुलं भांडतात ती बहुधा तिसऱ्या जातीच्या वस्तूवर पहिल्या जातीचा हक्क सांगायला गेल्यामुळे. “मी टाकलेला पाला” असं काही उरतच नाही. “मी इतका टाकला होता” एवढंच उरतं.

नाव आणि हक्क

भांड्यावरच्या नावाची खरी कसोटी वाटणीच्या वेळी लागते, आणि संसार मोडायची वेळ आली तर त्याहून जास्त. मुलीला लग्नात माहेराहून, सासरहून, नातेवाइकांकडून मिळालेल्या वस्तू हे तिचं स्त्रीधन. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा रानी खटल्यात स्पष्ट सांगितलं की स्त्रीधनावर पूर्ण मालकी तिचीच असते. सासरच्यांकडे ते ठेवायला दिलेलं असलं तरी ते त्यांचं होत नाही. वस्तू कुणाच्या माळ्यावर आहे आणि वस्तू कुणाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

त्याच वर्षी केंद्र सरकारनं वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवण्याचे नियम केले. वधूच्या भेटींची यादी वधूनं ठेवायची. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं, आणि वधूवर दोघांनी सही करायची. नीट पाहिलं तर आपल्या ताटाच्या काठावर पिढ्यान् पिढ्या जे कोरलं जातं, तेच बरंचसं या यादीत आहे. नियम होऊन इतकी वर्षं झाली, तरी अशी यादी करणारी घरं थोडीच. आहेराची वही आपण ठेवतो, पण पुढं कुणाला किती आहेर करायचा हे पाहण्यासाठी.

भांड्यावर नाव घालताना इथंच एक चूक होते. पुष्कळ भांड्यांवर देणाऱ्याचं नाव ठळक असतं आणि जिला दिलं तिचं नावच नसतं. “मामा-मामींकडून सप्रेम भेट” एवढंच वाचून तीस वर्षांनी कुणाला कळणार, हे कुठल्या सुनेचे मामा-मामी? किंवा भांडं मुलीचं आणि नाव तिच्या सासऱ्यांचं. नाव एकट्यानं पुरावा ठरत नाही, हे खरं. पण यादी, पावती आणि भांड्यावरचं नाव तिन्ही जुळली तर बोलायला जागा राहत नाही. म्हणून जागा कमी असेल तर देणाऱ्याचं नाव आखूड करावं, मालकिणीचं गाळू नये.

मंडळाच्या आणि यात्रेच्या भांड्यांसाठी

आपल्या तालुक्यात एखाद्या गावची महालक्ष्मीची यात्रा बऱ्याच वर्षांनी भरते, तेव्हा घरोघर शेकडो पाहुणे जेवतात. भावकीतून, शेजारच्या गावातून भांडी आणली जातात. पारायण आणि गणपतीच्या महाप्रसादालाही तेच. तेव्हा एवढं केलं तरी पुष्कळ:

• मंडळाच्या भांड्यावर मंडळाचं नाव आणि क्रमांक दोन्ही कोरावेत. तेलरंग जाळानं आणि घासणीनं जातो.

• नाव मराठीत असावं आणि शेजारी कन्नडमध्येही. वाढणारे आणि घासणारे हात दोन्ही लिपींचे असतात.

• एकसारख्या वस्तूंची संख्या वहीत असावी. देताना आणि घेताना दोघांनी मिळून मोजावी.

• कोठीची किल्ली आणि वही एकाच माणसाकडे नसावी. गिल्डलाही हे कळायला तीन वर्षं लागली!

• उसन्या भांड्याला, मालकाचं नाव नसेल तर, यात्रेपुरता रंगीत दोरा बांधावा. प्रत्येक घराचा रंग वेगळा.

यातली वही आणि मोजणी हे काम खेळ खेळणाऱ्या पोरांकडे सोपवायला हरकत नाही. कप्पे, हुद्दे, नोंदी यांची त्यांना चांगली सवय आहे. आणि भांडी मांडून होताना आजीजवळ बसून एकेका काठावरचं नाव मोठ्यानं वाचायला सांगावं. कुठली आत्या कुठल्या गावची, कुणाचं लग्न कुठल्या साली झालं, हे त्यांना त्या ताटांवरूनच कळेल.