वकिलांचं माजघर

असं समजा, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका वकिलाच्या रात्री साडेअकराला लक्षात आलं की सकाळी पाठवायच्या करारात १७ नंतर थेट १९ वं कलम आलंय. मधलं एक कलम खोडलं, पण आकडे तसेच राहिले. आता पुढची सगळी कलमं एकेकाने मागे घ्यायची, आणि आत जिथे जिथे 'कलम २३ पाहा' असं लिहिलंय तिथे तिथे २२ करायचं. वकील मसुदा पाठवून झोपतो. तो उघडला जातो साधारण साडेतीन हजार किलोमीटरवर, ओहायो नदीकाठच्या व्हीलिंग नावाच्या गावात. तिथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात आणि रात्रपाळी कामावर असते. वकील उठेपर्यंत करार नीट होऊन परत आलेला असतो.

मोठ्या लॉ फर्मची दिवाणखोली सगळ्यांना दिसते. उंच इमारत, काचेच्या भिंती, कोट घातलेली माणसं. बिलं करणारे, पगार काढणारे, कॉम्प्युटर सांभाळणारे लोक असतात माजघरात. तिथलं एक काम तर फारच नाजूक. नवा अशील आला की 'हो' म्हणण्याआधी तपासायचं, की आपल्याच फर्मचं दुसऱ्या शहरातलं एखादं ऑफिस त्याच्या विरुद्ध बाजूने तर लढत नाही ना. याला 'कॉन्फ्लिक्ट चेक' म्हणतात. कंपन्यांची जुनी-नवी नावं, मालक, उपकंपन्या असं सगळं चाळावं लागतं. काम चिकाटीचं, पण त्यासाठी शहरातल्या सर्वांत महागड्या मजल्यावर बसायची गरज नाही. वर्षानुवर्षं ते तिथेच चाललं, कारण कुणी विचारलंच नाही.

ऑरिक, हेरिंग्टन अँड सटक्लिफ या सॅन फ्रान्सिस्कोच्या फर्मने ते विचारलं आणि २००२ मध्ये माजघर उचलून व्हीलिंगला नेलं. हे गाव पोलाद, काच आणि सिगारसाठी ओळखलं जायचं. १९३० साली तिथली वस्ती ६१ हजारांवर होती, २००० साली ती ३१ हजारांवर आली. 'व्हीलिंग स्टॅम्पिंग' या जुन्या कारखान्याची इमारत स्थानिक विकास संस्थेने डागडुजी करून उभी केली आणि फर्म तिथे भाडेकरू झाली. एक योगायोग सांगायलाच हवा. ही फर्म आपली सुरुवात १८६३ ची मानते, आणि वेस्ट व्हर्जिनिया राज्यही १८६३ मध्येच जन्मलं, व्हीलिंग ही त्याची पहिली राजधानी.

पण व्हीलिंगच का? नुसती स्वस्ताई हवी असती तर मनिला होतंच. बेकर अँड मॅकेंझी या फर्मने २००० मध्ये तिथे केंद्र काढलं होतं. व्हीलिंगचे फायदे वेगळे. देश तोच, कायदा तोच. घड्याळ न्यूयॉर्कचं, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन तास पुढे. पिट्सबर्गचा विमानतळ मोटारीच्या टप्प्यात. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा फायदा असा, की तिथली माणसं नोकरी सोडून जात नाहीत. मोठ्या शहरात हिशेबनीस दोन वर्षांत तयार होतो आणि तिसऱ्या वर्षी रस्त्यापलीकडच्या फर्ममध्ये जातो. व्हीलिंगमध्ये रस्त्यापलीकडे फर्मच नव्हती. गावाकडे दुसरा पर्याय नाही, हे फर्मच्या पथ्यावर पडतं. हिशेब जरा निर्दयच आहे, पण ज्यांना त्यामुळे गाव सोडावं लागलं नाही त्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील.

गाव मात्र रिकामं होत असलं तरी त्यात शिकलेली माणसं हवीत. याचं उदाहरण म्हणजे ओहायो राज्यातलं डेटन. नॅशनल कॅश रजिस्टर ही कंपनी १८८४ मध्ये याच गावात सुरू झाली, आणि २००९ मध्ये तिने मुख्यालय जॉर्जियाला हलवत असल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी विल्मरहेल या लॉ फर्मने आपल्या माजघरासाठी डेटनची निवड केली. मोठ्या कंपनीच्या शिस्तीत तयार झालेले लोक तिथे आयतेच होते. नंतर पिल्सबरी नॅशव्हिलला गेली, होगन लव्हेल्स लुईव्हिलला.

सरकारी सवलतींचा गाजावाजा फार होतो. त्या मिळतात, पण त्यांच्या जिवावर केंद्र टिकत नाही. केंटकी राज्याने सवलती देऊ केल्यावर बिंगहॅम मॅककचेनने २०१२ मध्ये लेक्सिंग्टन निवडलं. २०१४ संपता संपता ती फर्मच उरली नाही. बेलफास्टची गोष्ट जास्त बोलकी आहे. ॲलन अँड ओव्हरी आणि हर्बर्ट स्मिथ २०११ मध्ये तिथे पोहोचल्या, बेकर अँड मॅकेंझी २०१४ मध्ये. सरकारी मदत होतीच, पण त्याहून मोलाची होती तिथली दोन विद्यापीठं आणि लंडनपासूनचा तासाभराचा विमानप्रवास. अडचण एवढीच, की तिघी एकाच तळ्यात गळ टाकून बसल्या. एकीने शिकवलेला माणूस दुसरीला सापडायला वेळ लागत नाही. व्हीलिंगमध्येही पुढे विल्यम्स ली ही कायद्याच्या कागदपत्रांचं काम करणारी कंपनी आलीच. रस्त्यापलीकडे कुणीतरी उभं राहतंच.

या नकाशावर पुणंही आहे. २००१ मध्ये सुरू झालेली माइंडक्रेस्ट पुण्यातून परदेशी वकिलांसाठी कागद तपासायची. २०२० मध्ये ब्रिटनच्या डीडब्ल्यूएफ या फर्मने ती विकत घेतली. आयएलएस विधी महाविद्यालय इथे १९२४ पासून आहे, म्हणजे इंग्रजीतून कायदा शिकलेल्यांची वाण नाही. शंका होती ती आपल्या कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ च्या निकालात सांगितलं, की परदेशी फर्मना इथे वकिली करता येणार नाही. सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचं काम मात्र मुळात वकिली नसेल तर त्याला ॲडव्होकेट्स ॲक्टची आडकाठी नाही. नावाची पाटी कुठली आहे हे पुरेसं नाही, प्रत्यक्ष काम काय आहे ते पाहिलं जाईल. अमेरिकन बार असोसिएशननेही २००८ मध्येच बाहेर काम द्यायला मुभा दिली होती, पण देखरेख, गुप्तता आणि जबाबदारी मूळ वकिलावर ठेवून.

आणि घड्याळ. उन्हाळ्यात लंडनचे सकाळचे ९ म्हणजे पुण्यात दुपारचे दीड, न्यूयॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळचे साडेसहा. म्हणून घरात कुणी एलएलबी झालं असेल आणि हातात 'लीगल सपोर्ट'ची जाहिरात असेल, तर पगाराच्या आधी काम कुठल्या शहरासाठी आहे ते विचारा.