समुद्रसपाटीची माणसे अँडीजमध्ये

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आजवर मी बदलीच्या नोकरीतील माणसांसंबंधी वापरीत आलो. २०२४ च्या मे महिन्यात ती आम्हा पतिपत्नींना अक्षरशः लागू पडली. मुले आपापल्या मार्गाला लागलेली. प्रत्येकी आठ-नऊ किलोंची पिशवी पाठीवर घेऊन आम्ही दोघे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात तीन आठवडे हिंडलो. ‘पेरूला जाऊन आलो’ असे सांगताच नार्वेतील शेजारी गालातल्या गालात हसतात. वास्तविक फळाचे नाव पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दावरून आले असे मानतात. देशाशी त्याचा संबंध नाही. ते फळ मूळचे अमेरिका खंडातले, एवढे मात्र खरे.

या खंडाची ओळख अनेक मराठी वाचकांना दिवंगत डॉ. मीना प्रभू यांच्या ‘दक्षिणरंग’ने करून दिली. आमच्या घरी या प्रवासाचे बीज त्याच पुस्तकाने पेरले. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा अधिकार नाही. या प्रवासात मी डॉक्टर असूनही रुग्ण झालो आणि निदान माझ्या पत्नीने केले, त्यातून जे शिकलो तेवढेच येथे मांडतो.

तयारी

पेरूहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते. आपल्याकडे एडिस डास विपुल आहे, पण पीतज्वर कधी आलेला नाही, म्हणून ही दक्षता. वास्को येथील बंदर आरोग्य केंद्रात आम्ही ही लस घेतली. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते. ही जिवंत विषाणूची लस असल्यामुळे प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना ती देत नाहीत व साठीनंतर विचारपूर्वक देतात.

या सर्व गोष्टी मी काटेकोरपणे पार पाडल्या. पत्नीसाठी एका कागदावर उंचीच्या विकारांची लक्षणेही लिहून दिली. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिने तो कागद घडी करून पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. मी स्वतः मात्र, रोज मांडवीच्या काठाने तासभर चालतो या भरवशावर, अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या पिशवीच्या तळाशी ठेवून दिल्या.

हवेतील तूट

उंचावर प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण बोलतो. खरे पाहता ते तेथेही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. कुस्को हे इंका साम्राज्याचे राजधानीचे शहर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसले आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच. शरीर त्यावर उपाय करते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, श्वास वाढल्याने रक्तात आलेली अल्कता मूत्रपिंडे हळूहळू दूर करतात. पण या जुळवाजुळवीला दिवस लागतात आणि लिमाहून कुस्कोला जाणारे विमान फक्त सव्वा तास घेते.

हा विकार नवा नव्हे. होसे दे अकोस्ता या जेझुइट धर्मोपदेशकाने पेरूतील पर्वत ओलांडताना स्वतःला झालेला त्रास १५९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वर्णिला आहे. आपल्या देशाचे या विषयातील योगदानही मोठे आहे. हिमालयात तैनात असलेल्या १,९२५ भारतीय जवानांतील या विकाराचा इंदर सिंग व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९६९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. विषयाच्या अभ्यासकांत तो आजही उद्धृत होतो.

कुस्कोतील दुसरी संध्याकाळ

आम्ही लिमाहून थेट विमानाने कुस्कोला उतरलो. दवाखाना तीन आठवड्यांहून अधिक बंद ठेवणे शक्य नव्हते आणि बसच्या लांबलचक प्रवासात एक पूर्ण दिवस गेला असता. पहिल्याच दिवशी सान ब्लास भागातील चढणीच्या गल्ल्यांतून पिशव्या पाठीवर घेऊन खोली शोधली. दुसऱ्या दिवशी ३,७०० मीटरवरील साक्सायवामान येथील प्रचंड दगडी तटबंदी पाहिली. डोके सकाळपासून ठणकत होते, जेवणावर वासना नव्हती. तिसऱ्या दिवशी पहाटे विनिकुंका या रंगीत पर्वतावर जायचे ठरले होते. त्याची उंची ५,०३६ मीटर.

संध्याकाळी चहाचे पैसे देताना मी नाणी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा निरनिराळी बेरीज सांगितली. पत्नी म्हणाली, “अहो, तुमचे काहीतरी बिनसले आहे.” मी चिडलो. प्रवासाचा शीण आहे, झोपलो की बरे वाटेल, असे सांगितले. ऑक्सिमीटर बोटाला लावून दाखवला. त्यात ८७ हा आकडा आला. “या उंचीवर एवढाच असायचा,” असे मी वर ऐकवले.

तिने वाद घातला नाही. पाकिटातून तो कागद काढला आणि म्हणाली, “या फरशीच्या रेघेवरून टाचेला बोट लावून चालून दाखवा. हे तुम्हीच लिहून दिले आहे.” चौथ्या पावलाला माझा तोल गेला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गेला. तरीही ‘उद्या सकाळी पाहू’ असे शब्द माझ्या तोंडून निघाले. पंचवीस वर्षे रुग्णांना तपासणारा माणूस हे बोलत होता.

कागदावरची शेवटची ओळ होती: तोल जात असेल तर त्याच वेळी खाली उतरावे. तिने डेक्सामिथासोनची मात्रा माझ्या हातावर ठेवली, टॅक्सी बोलावली आणि त्याच रात्री आम्ही २,८०० मीटरच्या आसपास असलेल्या ओल्यान्तायतांबो या गावी उतरलो. सकाळी डोके हलके झाले होते. दुपारी मी भाकरीएवढा मक्याचा पदार्थ मिटक्या मारीत खाल्ला आणि रेघेवरून सरळ चाललो. मेंदूला सूज येण्याची ती सुरुवात होती की नाही, हे आज मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते पडताळून पाहण्यासाठी ५,००० मीटरवर जाणे हा मार्ग खचितच नव्हता. पुढे २,४३० मीटरवरील माचू पिच्चू पाहिले. मग सावकाश वर चढत ३,८०० मीटरवरील तितिकाका सरोवरापर्यंत गेलो. विनिकुंका राहिले ते राहिलेच.

पाळावयाचे नियम

उंचीवर पोहोचल्यावर डोकेदुखी आणि तिच्यासोबत मळमळ, थकवा वा चक्कर असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच विकार समजावा. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. चालताना तोल जाणे, बोलण्यात वा वागण्यात गोंधळ, अथवा विश्रांतीतही दम लागणे व खोकला ही धोक्याची चिन्हे होत. तेथे प्राणवायू, औषधे व डॉक्टर मिळवावेतच, पण उतरणे लांबवू नये. ३,००० मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. थेट विमानाने जायचे असल्यास आदल्या दिवसापासून अ‍ॅसिटाझोलामाइड १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. त्याने बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नये.

कुस्कोत जागोजागी कोका पानांचा चहा देतात. स्थानिकांचा त्यावर विश्वास आहे, पण तो उतरण्याला पर्याय नव्हे. ती पाने आठवण म्हणून भारतात आणणे तर कायद्याने गुन्हा आहे.

लेह जवळ आहे

पेरू सर्वांच्या वाटेवरचा देश नाही हे मान्य. पण लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर, म्हणजे कुस्कोहून किंचित अधिकच, आणि मे महिन्याच्या सुटीत आपल्या डिचोली-पेडण्याकडील कुटुंबे मुलाबाळांसह विमानाने तेथे उतरतात. मुलांना हा विकार मोठ्यांइतकाच होतो. बोलता न येणारे मूल डोके दुखते असे सांगत नाही. ते किरकिरते, दूध नाकारते, खेळत नाही, झोपत नाही. उंचीवर अशी लक्षणे दिसली, तर ‘जागा बदलली म्हणून’ असे म्हणून सोडून देऊ नये. हृदयाचा जन्मजात दोष असलेल्या किंवा नुकताच छातीचा संसर्ग होऊन गेलेल्या मुलांबाबत तिकिटे काढण्यापूर्वीच सल्ला घ्यावा.

माझ्या दवाखान्यात एखादी आई सांगते, “डॉक्टर, ताप नाही, काही नाही, पण हा आज नेहमीसारखा वाटत नाही.” असे वाक्य ऐकले की मूल पुन्हा एकदा नीट तपासावे, हे मी तरुण डॉक्टरांना नेहमी सांगत आलो. कुस्कोत तेच वाक्य माझ्याविषयी उच्चारले गेले, तेव्हा मी ते धुडकावले. उंचीचा विकार ज्या मेंदूला होतो त्याच मेंदूने आपण ठीक असल्याचा निर्वाळा द्यायचा असतो, म्हणून तो निर्वाळा ग्राह्य धरू नये. उंचीवर जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याने निघण्यापूर्वी एक करार करावा: जो म्हणेल ‘खाली उतरू’, त्याचे ऐकायचे, वाद खाली पोहोचल्यावर घालायचा.

आमचा तो कागद अजून पासपोर्टच्या पाकिटात आहे. तो आता मी नव्हे, तीच सांभाळते.