रेंज कमी, ताप जास्त!

'कानाला काय तो डबा चिकटवून बसतेस सारखी? डोकं भाजून निघेल एक दिवस!' आईचं हे वाक्य आता मला पाठ झालंय. पण करणार काय? फ्रीलान्सिंग म्हणजे फोन, फोन आणि फोन.

त्यात गेल्या वर्षी आमच्या सोसायटीने गच्चीवरचा मोबाइल टॉवर काढायला लावला. कारण? रेडिएशन! मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या. महिन्याभरात घरातली रेंज एका दांडीवर आली. मागे एकदा रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना त्रास झाला, तर ॲम्ब्युलन्सला फोन लावायला त्यांचा मुलगा गेटपर्यंत धावला. तेव्हा मात्र मी चरकले. म्हटलं, टाळ्या वाजवण्याआधी जरा माहिती काढायला हवी होती.

टॉवर की फोन?

टॉवरच्या लहरी अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतात. शिवाय अँटेना समोर फेकतात, थेट खाली नाही. फोन मात्र कानाला टेकलेला! आणि रेंज कमी असली की तो टॉवरपर्यंत पोचायला जोर लावतो. गर्दीच्या लोकलमध्ये आपण दाराशी उभ्या मैत्रिणीशी ओरडून बोलतो ना, तसं. फोर-जी फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटपर्यंत जातो. रेंज फुल असेल तर त्याच्या अगदी छोट्या हिश्शात भागवतो. म्हणजे टॉवर घालवून आम्ही फोनलाच ओरडायला लावलं की!

मग घाबरायचं का?

नाही. शरीर या लहरींची किती ऊर्जा शोषतं, ते 'सार' या मापात मोजतात. भारतात २०१२ पासून मर्यादा आहे किलोमागे १.६ वॅट, तीही एक ग्रॅम ऊतींवर मोजलेली. टॉवरसाठीची मर्यादा तर आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांश. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं आणि सगळीकडे बोंब झाली. त्याच गटात आशियाई पद्धतीच्या आंबवलेल्या भाज्याही आहेत! (हे आईला सांगितलं नाही. लोणच्याबद्दल बोललेलं तिला खपत नाही.) पुढे याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइलचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही.

आणि हो, स्टेशनबाहेर मिळणारं ते अँटी-रेडिएशन स्टिकर? मीही घेतलं होतं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बजावलंय, की असली कवचं सिग्नल अडवतात आणि फोन उलट जास्त जोर लावतो. शंभर रुपये पाण्यात!

एवढं कराच

• लिफ्ट, बेसमेंट, धावती ट्रेन इथे लांबलचक गप्पा नकोत.
• इअरफोन किंवा स्पीकर वापरा. फोन वीतभर दूर गेला तरी खूप फरक पडतो.
• घरात रेंज नसेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा.
• डायल करा स्टार-हॅश-शून्य-सात-हॅश. तुमच्या फोनचं 'सार' समोर येईल.

येत्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये टॉवरचा विषय पुन्हा निघतोय. या वेळी मी हात वर करणार, पण टॉवर परत आणण्यासाठी. आई म्हणते, 'बोल बाई, पण आधी तो फोन खाली ठेव!'