सुरतेतला विजय आणि विदर्भाचा पहिला रणजी करंडक

२०१७-१८ चा रणजी हंगाम म्हटला की लोकांना इंदूरची फायनल आठवते. मला मात्र सुरतचा लालभाई काँट्रॅक्टर स्टेडियमवरचा सामनाही तितकाच मोलाचा वाटतो. डिसेंबर २०१७, उपांत्यपूर्व फेरी, विदर्भ विरुद्ध केरळ.

दोन्ही संघांचे प्रशिक्षक नवे होते. केरळकडे डेव्ह व्हॉटमोर, म्हणजे १९९६ ला श्रीलंकेला विश्वचषक जिंकून देणारे. विदर्भाकडे चंद्रकांत पंडित. मुंबईला २०१५-१६ चा करंडक मिळवून देऊन ते नागपूरला आले होते. शिस्तीचे कमालीचे कडक!

पहिल्या डावात विदर्भ २४६ वर आटोपला. पण रजनीश गुरबानीने केरळला १७६ वर रोखलं. (हा पोरगा इंजिनिअर आहे बरं का.) मग कर्णधार फैज फजलचं शतक, ९ बाद ५०७ वर डाव घोषित, आणि शेवटी आदित्य सरवटेची फिरकी. ४१२ धावांनी विजय!

पुढे कोलकात्यात कर्नाटकवर फक्त ५ धावांनी मात, गुरबानीचे सामन्यात १२ बळी. इंदूरला दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भाच्या हाती पहिलावहिला रणजी करंडक. वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज संघात होता, हे खरं. तरी माझ्या मते या यशाचं सर्वांत मोठं श्रेय पंडितसरांचंच.

पुढच्या वर्षीही करंडक विदर्भाकडेच राहिला. सुरतकर मंडळी, तो सामना कुणी मैदानात बसून पाहिला असेल तर आठवणी नक्की लिहा.