बीच क्लीन-अपला जाताय? वाळूतली पिशवी ओढू नका!
मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्यावर २०१५ मध्ये लोकांनी सफाई सुरू केली. २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं दिसली. तुम्हीही जाणार असाल, तर ओहोटीची वेळ पाहून निघा. भरतीचं पाणी जिथवर येतं, त्या रेषेवर कचरा साचतो. तिथूनच सुरुवात करा.

वाळूत रुतलेली पिशवी ओढली की फाटते आणि तुकडे आतच राहतात. आधी भोवतालची वाळू उकरा, मग पिशवी काढून तिथेच झटका. वाळू किनाऱ्यावरच राहते, ओझंही कमी होतं. अडकलेलं जाळं कापून काढा. सुया, काचा चिमट्याने उचलून झाकणाच्या जाड डब्यात टाका. गोणी अर्धीच भरा आणि त्याच दिवशी किनाऱ्यावरून हलवा. नाहीतर पुढची भरती कचरा परत नेईल.